पासंग

सियागंजात आमचं तोलकाट्यांचं दुकान.
बोर्डावर अजून आजोबांचंच नाव, गोपाळ बिडवई,
त्यातला 'ळ' गंजून पडला,
तेव्हापासून गिऱ्हाईक आम्हाला 'गोपा काटेवाले' म्हणतं.

भाचा आला, ओजस. सहा महिन्यांचं पॅकेज, अठरा हजार.
म्हणाला, मामा, आता सगळं आपोआप,
तुम्ही फक्त काउंटरवर बसा,
गिऱ्हाईक इंटरनेट पाठवतं.
बसलो.
बहिणीचा मुलगा, नाही कसं म्हणणार.

त्यानं पितळी तराजूचा फोटो टाकला,
उन्हात, पारडी झेंडूनं भरून.
मी म्हटलं, अरे, ह्यात फुलं नाही, चांदी तोलतात.
म्हणाला, ते कोण बघतं?
चार हजार एकशे लोकांनी बघितलं.
लाल हृदयं पाठवली,
कोचीहून, तेजपूरहून, मस्कतहूनसुद्धा.
एका बाईंनी विचारलं,
दिवाणखान्यात ठेवायला मिळेल का, आणि पॉलिश जाणार नाही ना.

रात्री शटर अर्धं ओढून मी ते आकडे पुन्हा मोजायचो.
एका पारड्यात चार हजार हृदयं,
दुसऱ्यात नंदलालपुऱ्याच्या भाजीवाल्याचे साठ रुपये
(काटा चिकटतो, साफ करून द्या).
दांडी साठ रुपयांकडे झुकायची.
पासंगालाही पुरत नव्हतं ते प्रेम.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो.
चहाच्या ठेल्यावर, बारशाला, एकदा तर तेराव्याला
सांगत सुटलो: सगळं थोतांड आहे भिया,
काटेवाल्याला लोक तोंडानं शोधतात, बोटानं नाही.
माना डोलवणारे सात-आठच असतील,
पण ते मला खरे वाटायचे.

भाद्रपदात फोन आला.
धामणोदच्या पलीकडची अंगणवाडी, बाईंची अर्धी निमाडी, अर्धी हिंदी.
'दोन तास फिरतेय. नकाशा मला
लोहामंडीत एका कुल्फीवाल्यापाशी आणून सोडतो.
तिथला नंबर लागत नाही. कुल्फीवाल्यानंच तुमचा दिला,
त्याचा काटा तुम्हीच करता म्हणे.'

सहा महिने. अठरा हजार.
झेंडूवर ऊन अगदी बेतानं पाडलं होतं पोरानं,
दुकान मात्र भलत्याच गल्लीत,
आणि नंबर बाबांच्या लँडलाइनचा,
जी कापून नऊ वर्षं झाली.

बाई आल्या. बाळं तोलायचा काटा
जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, झोळीसकट.
मी नुसतीच झोळी टांगली.
काटा म्हणाला: चारशे ग्रॅम.
बाई बराच वेळ गप्प.
मग पिशवीतून रजिस्टर काढलं
आणि बोटांच्या पेरांवर वजा करत नावं वाचू लागल्या,
भुरू, राजल, कालूची धाकटी…
हिरव्या रकान्यातली चार पोरं
पिवळ्यात उतरली, माझ्या काउंटरवर.

स्प्रिंग बदलली. शून्य लावलं.
एकशे वीस सांगितले, नव्वद दिले, घेतले.

ओजसला फोन केला नाही.
मीसुद्धा कुठे बघितलं होतं सहा महिन्यांत,
स्वतःचं दुकान नकाशावर कुठे आहे ते?
शेजारच्या मिरचीवाल्याची मुलगी आली, शिंकत शिंकत,
तिनं अर्ध्या तासात दुकान उचलून सियागंजात ठेवलं.
फोटो एकच, दाराचा, 'ळ' नसलेल्या बोर्डासकट.
नाव काय लिहू, तिनं विचारलं.
म्हटलं, दोन्ही लिही.
आणि खाली: बाळांचे काटे दुरुस्त होतात. रविवारी बंद.

अंगठे आले अकरा.
त्यातला एक माझाच.

परवा कुक्षीहून कुणी विचारत होता,
आमच्याकडे पाच काटे आहेत, घेऊन येऊ का?
म्हटलं, या.
पण निघण्याआधी
रिकामी झोळी टांगून बघा.